भासऱ्यांची पँट

वर्ध्याचे फिल्मवाले आमच्या हिंगणीत आले तेव्हा मी ओट्यावर मशीन मांडून शाळेच्या दप्तरांना पट्टे लावत बसले होते. त्यांचा डायरेक्टर म्हणजे हाफपँट घातलेला तिशीतला माणूस, आणि बोलणं असं की जणू गाव त्याच्या आज्यानं वसवलं. मोबाईलवर यांचे वऱ्हाडी कॉमेडीचे व्हिडिओ फार चालायचे. कोणी पादलं की हसा, कोणाचं धोतर सुटलं की हसा. माझा नवरा सेवाग्रामच्या दवाखान्यात वॉर्डबॉय आहे. ड्यूटीवरून आला की जेवताना तो हेच पाहत बसायचा, आणि हसता हसता घास घशात अडकला की मलाच पाणी द्यावं लागायचं.

"काकू, या खेपेले मोठी फिल्म बनवून राह्यलो," डायरेक्टर म्हणाला. "क्रिकेटची."

मी विचारलंही नव्हतं, तरी त्यानं सगळी गोष्ट सांगितली. चार बुढे बॉलर. एकेकाळी तालुका गाजवलेले, आता वाया गेलेले. एक दारुडा, एकाची पळताना कवळी पडते, एक बॉल टाकता टाकता पादतो, आणि चौथा. गावातली जवान टीम यांना चिडवते म्हणून चौघं पुन्हा मैदानात उतरतात आणि गेलेली इज्जत परत मिळवतात. पहिले तिघं वर्ध्याचे नट होते. चौथा त्याला खरा बॉलर पाहिजे होता, कारण नटाला पळत येऊन बॉल टाकता येत नाही, लंगडी घातल्यासारखं दिसतं.

मग त्यानं पिशवीतून एक जुनी पँट काढली. "याच मापाची पांढरी शिवा. फक्त मांगची शिवण कच्ची ठेवा. बॉल टाकाले उडी मारली की टर्र फाटली पाह्यजे. आतमंधी लाल चड्डी."

पँट हातात घेतली आणि खिसा उलटून पाहिला. खिशाला आतून लावलेलं ठिगळ माझंच होतं. ती माझ्या भासऱ्यांची पँट होती.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे भासऱ्यांसमोर धाकट्या भावाची बायको पदर घेते आणि त्यांच्याशी बोलत नाही. आता नव्या सुना हसतात याला, हसू दे. मी लग्न होऊन आले तेव्हा हे असंच होतं आणि तसंच राहिलं. एका अंगणात दोन घरं, मध्ये विहीर. इतक्या वर्षांत त्यांचा माझा एका शब्दाचा व्यवहार नाही. शर्टाची गुंडी तुटली तर मी आत असताना ते शर्ट मशीनवर ठेवून जायचे, आणि मी गुंडी लावून तो विहिरीच्या दोरीवर टाकायची. जाऊबाई होत्या तोवर त्या इकडचं तिकडे सांगायच्या. त्या गेल्यावर उरला माझा नवरा. तो सकाळी सातच्या बसनं जातो आणि आल्यावर मोबाईल पाहतो.

"हे त्यायले माईत आहे काय?" मी डायरेक्टरला विचारलं.

"नाई ना काकू. तीच तं मजा आहे. माईत असन तं माणूस मांगं हात ठेवूनच पयते. आपल्याले खरं तोंड पाह्यजे. फाटल्यावर माणसाचं जे होते ना, ते." तो हसला. "काकाले सांगू नका बरं."

त्याच्या तोंडावर पँट फेकावी असं वाटलं. पण मी फेकली असती तर तो सेलूला जाऊन दुसऱ्याकडून शिवून घेणार होता, आणि त्या शिंप्याला काय पडलं होतं? म्हणून मी म्हटलं, ठेवा इथं.

आता भासऱ्यांचं सांगते, नाहीतर कोणाला वाटेल पँट फाटली तर फाटली, त्यात काय एवढं.

माझं लग्न झालं त्या वर्षी गावच्या शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलच्या मॅची होत्या. भासरे तेव्हा तालुक्यातले सगळ्यात फास्ट बॉलर. सेलूची पोरं म्हणे त्यांचं नाव ऐकून पोटात दुखतं सांगायची. फायनलला शेवटची ओवर त्यांच्याकडे दिली. समोरच्या टीमला थोड्याशाच रना पाहिजे होत्या. आम्ही बायका शाळेच्या भिंतीआडून पाहत होतो. मला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, पण अंपायरनं दोन्ही हात पसरले ते दिसलं, वाइड म्हणतात म्हणे त्याला. मग पुन्हा पसरले. मग पुन्हा. बॅटीला बॉल लागलाच नाही आणि ती टीम जिंकली. भासऱ्यांचा बॉल त्या दिवशी सरळ पडतच नव्हता, का कोणास ठाऊक. घामानं निसटला असेल, घाबरले असतील.

गाव काय सोडतं होय? दुसऱ्या दिवसापासून त्यांना पाहिलं की लोक दोन्ही हात पसरायला लागले. चहाच्या टपरीवर, सोसायटीसमोर, बैलबाजारात. पहिल्या वर्षी चिडवायला, मग सवयीनं. ज्यांनी ती मॅच पाहिली नाही, ज्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता, तेही हात पसरतात. त्यांच्या पोरीच्या लग्नात वरातीतल्या कोणीतरी पसरले. तेव्हा मी चुलीजवळ होते. मी त्यांचं तोंड पाहिलं आणि मला वाटलं, बाप्पा, हा माणूस आता काही करून घेईल. त्यांनी काही केलं नाही. पत्रावळी मांडायला निघून गेले. पण त्या मैदानात त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. शेतात जायला मैदानाची वाट जवळची, तरी ते कालव्याकडून लांबून जायचे.

असा माणूस फिल्मवाल्यांना हो म्हणाला. डायरेक्टर त्यांना म्हणाला होता, "काका, तुमची बॉलिंग दाखवाची आहे, लोकायले समजलं पाह्यजे." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला गोठ्याच्या भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज आला. थप्. मग थोड्या वेळानं पुन्हा थप्. दाराच्या फटीतून पाहिलं तर पंचावन्नच्या पुढचा माणूस, कमरेला उपरणं बांधलेलं, कोळशानं भिंतीवर तीन रेघा ओढून त्यावर नेम धरतोय. एक बॉल रेघांच्या बाहेर गेला तर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही ना. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. ते रोज पहाटे उठायचे. आणि माझ्या मशीनवर ती पांढरी पँट पडली होती.

मी नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, "तुमी सांगा दादायले. लोक त्यायची गंमत करून राह्यले."

तो ताटावरून उठला नाही. "नको सांगू. सांगतलं तं तो जाणारच नाई. किती वर्षानं माणूस सकाळी उठून हसून राह्यला, पाह्यलं का तू?"

"अन् सगळ्या गावासमोर फाटली म्हणजे?"

"हसतील दोन दिवस. हसतातच ना आताई."

असा राग आला ना. मी म्हटलं, तुमच्या पँटीला करू का कच्चे टाके, जाता का वॉर्डात तसेच? त्यानं मोबाईल काढला. वाईट नाही माझा नवरा, पण भावापुढे तोंड उघडायची त्याचीही हिंमत नाही. त्या घरात सगळे असेच, पोटात ठेवणारे.

मग मीच ठरवलं. एका संध्याकाळी भासरे शेतातून यायच्या वेळेला मी अंगणात विहिरीजवळ उभी राहिले. काय म्हणून हाक मारायची तेही मला माहीत नव्हतं, कधी मारलीच नव्हती ना. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते फाटकात आले, मला पाहिलं आणि नेहमीसारखे खाकरले. भासरे खाकरतात ते याचसाठी, की बाईनं आत जावं. तोंड दुसरीकडे करून ते थांबून राहिले. माझं अंग आपोआप वळलं आणि मी आत गेले. आत जाऊन कपाळावर हात मारून घेतला. एवढी गावभर भांडणारी बाई मी, बचत गटाच्या सभेत बँकेच्या साहेबाला गप्प करणारी, आणि घरातल्या माणसाला चार शब्द सांगता येईनात.

तोंड चालत नव्हतं, पण मशीन तर माझी होती. रात्री मी ती पँट घेतली आणि मागची शिवण दुहेरी मारली. मग वाटलं पुरणार नाही, म्हणून दप्तरांचा नायलॉन धागा भरला आणि त्यावरून तिसऱ्यांदा मशीन फिरवली. आतून पट्टी लावली. वरून दिसायला कच्चे टाके ठेवले, डायरेक्टरनं उलटून पाहिली तर त्याचं समाधान व्हावं म्हणून. शिवून झाल्यावर दोन्ही पाय दोन हातांत धरून मी जोर लावून ओढली. बैल जुंपले असते तरी फाटली नसती.

शूटिंगच्या दिवशी सगळं गाव मैदानात. पोरं झाडांवर, म्हातारे खुर्च्यांवर, बायका शाळेच्या सावलीत. डायरेक्टरनं गावात कोणाकोणाच्या कानात गोष्ट सांगितली असावी, कारण माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मोबाईल आधीच काढून ठेवले होते. ज्या माणसाला पाहायला ही सगळी मंडळी जमली होती, त्याला एकट्यालाच ती का जमली हे माहीत नव्हतं.

भासरे आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, दाढी घोटून केलेली. मैदानाच्या कडेला क्षणभर थांबले आणि मग पाय आत टाकला. टपरीवाल्यानं दोन्ही हात पसरले. बरेच जण हसले. भासऱ्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं, पण त्यांची मान लाल झाली ती मला तिथूनही दिसली.

पहिला बॉल टाकायला ते धावत आले. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. उडी, हात वर, आणि बॉल गेला. समोर बॅट घेऊन वर्ध्याचा नट होता. त्याला सांगून ठेवलं होतं की नुसती बॅट फिरव. फिरवायच्या आतच मधला दांडा उडाला. पँट जशीच्या तशी.

माणसांना कळेचना हसावं की काय करावं. डायरेक्टर म्हणाला, "मस्त काका, पुन्हा एक डाव." पुन्हा टाकला. पुन्हा दांडा. पुन्हा एक. मग तो म्हणाला उडी मोठी मारा, पाय लांब टाका. भासऱ्यांनी पाय लांब टाकला. त्यांना वाटलं आपली बॉलिंग अजून चांगली दिसावी म्हणून सांगतोय. प्रत्येक बॉलला ते त्याच्याकडे पाहून विचारायचे, "आता बरा होता?" आणि डायरेक्टर दात आवळून म्हणायचा, "बरा होता, अजून एक."

शेवटी त्याचं डोकं फिरलं. कॅमेऱ्यापासून तो शाळेच्या सावलीकडे वळला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "काकू, फाटून काऊन नाई राह्यली? कच्ची शिलाई सांगतली होती ना तुमाले?"

भासरे बॉल हातात घेऊन धावायच्या जागी उभे होते. त्यांनी आधी डायरेक्टरकडे पाहिलं. मग हळूच एक हात मागे नेला आणि शिवणीवरून फिरवला. मग त्यांनी चारी बाजूला पाहिलं, वर धरलेले मोबाईल, झाडावरची पोरं, खुर्च्यांवरचे त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच टीममध्ये खेळलेले म्हातारे. सगळं त्यांना समजलं. मागून कोणीतरी फुसकन हसलं आणि मग ते हसू पसरत गेलं. मला धरती फाटून आत जावं असं झालं. मी झाकायला गेले आणि माझ्यामुळेच ते असं उघडं पडलं. टर्र फाटली असती तर एकदा हसून लोक घरी गेले असते.

मला वाटलं, आता बॉल फेकून ते निघून जातील आणि मरेपर्यंत घराबाहेर पडणार नाहीत.

ते डायरेक्टरजवळ गेले. आवाज अगदी साधा होता. "फाटली का शूटिंग संपते?"

"हो काका. एवढंच पाह्यजे होतं," तो जरा वरमला होता.

"अन् फाटली नाई तं?"

"तं मंग पुन्हा टाका लागन."

भासऱ्यांनी मान हलवली, वळले आणि धावायच्या जागी जाऊन उभे राहिले.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. ते टाकत राहिले. डायरेक्टरही हट्टाला पेटला होता, त्याला वाटत होतं शिवणच ती, कधी ना कधी जाईल. बॅट धरणारा नट थकून बसला तर गावच्या टीमचा पोरगा उभा राहिला. तो मारायच्या बेतानं आला होता, त्याचाही दांडा उडाला. मग दुसरा आला. लोक हसायचे थांबले. टपरीवाल्यानं हात खिशात घातले. बॉल पडायचा तो दांड्यासमोर, एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही. म्हाताऱ्यांपैकी एक खुर्चीवरून उठून अंपायरच्या जागी जाऊन उभा राहिला, कोणी सांगितलं नसताना.

पण मी बॉल पाहत नव्हते. मी माणूस पाहत होते. शर्ट अंगाला चिकटला होता. उडी मारून पाय टेकला की ते एकदम कण्हायचे. प्रत्येक बॉलनंतर खांदा डाव्या हातानं दाबून धरायचे. तोंड आधी लाल होतं, मग राखेसारखं झालं. आणि ती मेली शिवण काही सुटेना. माझीच शिवण. मी मनातल्या मनात म्हणायला लागले, फाट ना वं, फाट एकदाची, होऊ दे काय व्हायचं ते. नवऱ्याला म्हटलं, जाऊन थांबवा. तो मैदानात गेला, काहीतरी बोलला आणि परत आला. त्याचे डोळे भरले होते. "आयकत नाई," म्हणाला.

उन्हं उतरली तेव्हा डायरेक्टरनंच हात टेकले. पँट फाटताना दुसऱ्या कोणाची दाखवू म्हणाला, आणि कॅमेरा पेटीत ठेवायला सांगितला. नंतर फिल्म मोबाईलवर आली तेव्हा तसंच होतं. त्यात फाटलेली पँट आहे, लाल चड्डी आहे, भासऱ्यांचा एकही बॉल नाही. ते असो. त्या वेळी मला वाटलं, सुटलो. पेटी बंद झाली, वायरी गुंडाळल्या, गाडी सुरू झाली.

आणि भासरे बॉल घेऊन पुन्हा धावायच्या जागी निघाले.

तेव्हा माझ्या पायांनी माझं ऐकलं नाही. कधी उठले, कधी त्या सगळ्या गड्यांमधून चालत गेले, मला ठाऊक नाही. त्यांच्यासमोर जाऊन मी उभी राहिले, तोंडाला तोंड. त्यांनी सवयीनं मान फिरवली, खाकरायला गेले, पण धाप इतकी लागली होती की खाकरणं निघालंच नाही. पदर डोक्यावर होता की नव्हता, देव जाणे.

"बस करा आता," मी म्हटलं. "गेले ते. कॅमेरा गेला. कोनासाठी टाकून राह्यले? मरान ना असे."

सगळं गाव पाहत होतं. त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. मला वाटलं रागावतील. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. लहान लेकरू खेळ सोडून घरी चल म्हटल्यावर पाहतं ना, तसं ते पाहत होते.

"थांबवू नको बाई," ते म्हणाले. "आज सरळ पडून राह्यला."

मी बाजूला झाले.